बोलक्या डब्ब्याचा रिव्ह्यू, नागपूरच्या महाल भागातल्या किराणा दुकानातून, दोन वर्षं वापरून

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू मोबाइलचा नाही, गाडीचा नाही, हॉटेलचा तर मुळीच नाही, त्यामुळे ज्यांना सावजीची लिस्ट पाहिजे त्यांनी पुढे जावं. हा आहे काउंटरवर ठेवतात ना तो डब्बा, पैसे आले की ओरडणारा, त्याचा. साउंडबॉक्स म्हणतात त्याला, आमच्या घरी नुसतं "बोलका" म्हणतात, आई रात्री झोपताना विचारते "बोलक्याले चार्जिंगले लावलं का रे?" महालात आमचं किराणा दुकान आहे, आजोबांपासूनचं, छोटंसंच, बाबा बसतात आणि मी नोकरी सांभाळून संध्याकाळी अन् रविवारी बसतो. आतापर्यंत दोन डब्बे झाले, पहिला एका कंपनीचा, दुसरा आमच्या बँकेचा, म्हणून दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं मी समजतो.

डब्बा यायच्या आधीचं सांगतो, कारण त्याशिवाय त्याची किंमत समजत नाही. बाबा या ऑनलाइन पैशाच्या पक्के विरोधात. यूपीआय आलं २०१६ च्या एप्रिलमध्ये, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, डिसेंबरच्या शेवटी भीम ॲप आलं, बाबा ढिम्म. त्या वेळी त्यांनी अर्ध्या मोहल्ल्याला उधारीवर पोसलं पण फोनला हात नाही लावला. २०१७ च्या १४ एप्रिलला तर आपल्याच नागपुरात, मानकापूरच्या स्टेडियममध्ये, मोदींनी भीम-आधार सुरू केलं, अंगठा लावा आणि पैसे द्या. बाबा टीव्हीसमोर बसून म्हणाले, "माहा अंगठा राशनच्या मशीनवर उमटत नाई, हे काय उमटवून राहिले." खरंच आहे ते, चाळीस वर्षं पुड्या बांधून, गूळ फोडून त्यांची बोटं पार गुळगुळीत झालीयेत. शेवटी क्यूआरचा कागद लागला तो कोरोनात, जेव्हा नोटेला हात लावायला लोक घाबरत होते तेव्हा. म्हणजे सरकारनं सांगून नाही, कंपनीनं सांगून नाही, गिऱ्हाइकानं नोट चिमटीत धरून दिली तेव्हा.

कागद लागला आणि खरा ताप सुरू झाला. पैसे आले की नाही हे कळणार कसं? बँकेचा मेसेज कधी लगेच येतो, कधी दुकान बंद करताना येतो. बाबांचा चष्मा एका खिशात, फोन दुसऱ्या खिशात, हात बेसनाचे. मग एकच उपाय, गिऱ्हाइकाला म्हणायचं "दाखवा बरं." हे दोन शब्द बोलायला माझ्या बापाला किती जड जात होतं ते मी जवळून पाहिलंय. जो माणूस महिनाभराचा किराणा वहीत लिहून देतो आणि पगार झाल्याशिवाय विचारत नाही, त्याला आता १८ रुपयांच्या दुधाच्या पिशवीसाठी "स्क्रीन दाखवा" म्हणावं लागत होतं.

एक मास्तर आहेत आमच्याकडे येणारे, रिटायर झालेले, तीसेक वर्षांचे गिऱ्हाईक, त्यांनी मला लहानपणी गणित पण शिकवलंय. एक दिवस त्यांनी ३४० रुपये टाकले, पिशवी उचलली आणि चालायला लागले. बाबांनी सवयीनं हाक मारली, "मास्तर, जरा दाखवता का?" मास्तर परत आले, पायरी चढले, फोन काढला, दाखवला, काहीच बोलले नाहीत. पंधरा दिवस आले नाहीत. पंधरा दिवस! शेवटी आईनं त्यांच्या घरी सांबारवड्या पाठवल्या तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. (पुण्या-मुंबईवाल्यांसाठी, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नाही.)

आणि गंमत अशी की ज्यांच्यावर संशय घ्यायला पाहिजे होता ते दाखवूनच गेले. दोन पोट्टे आले, चांगले टापटीप, फल्ली तेलाचा पिपा घेतला, पावणेतीन हजारांच्या आसपासचा, स्कॅन केलं, टिंग आवाज आला, हिरवी टिक, दुकानाचं नाव, रक्कम, वेळ, सगळं बरोबर. स्वतःहून बाबांसमोर धरलं, "पाहून घ्या काकाजी." बाबांनी पाहिलं, पिपा गाडीवर ठेवायला मदत पण केली. पैसे आलेच नाहीत. नकली ॲप असतं असं, हुबेहूब तसाच स्क्रीन दाखवणारं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. म्हणजे दाखवून घेण्याला काही अर्थच नव्हता, प्रामाणिक माणूस दुखावला जात होता आणि चोर हसत हसत जात होता.

त्यानंतर आठवडाभरात मी डब्बा आणला.

आता डब्ब्याबद्दल. तळहातावर मावेल एवढा, पुढे क्यूआर, मागे बटणं दोन-तीन, आत मोबाइलसारखं सिम असतं. लोकांना वाटतं पैसे डब्ब्यातून जातात, तसं काही नाही. गिऱ्हाइकाच्या बँकेतून पैसे एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणारी संस्था) यंत्रणेतून थेट आपल्या बँकेत, डब्ब्याचा त्याच्याशी संबंध नाही, त्याला फक्त सर्व्हर सिमवरून सांगतो की एवढे आले, ओरड. म्हणून डब्बा गप्प असला तरी पैसे आलेले असू शकतात, पण डब्बा बोलला म्हणजे आलेच. हे नीट समजून घ्या, अर्धी भांडणं इथंच होतात. आणखी एक फायदा कोणी सांगत नाही तो असा की रात्री कोणी येऊन तुमच्या क्यूआरवर स्वतःचा क्यूआर चिकटवला (असं बऱ्याच गावांत झालंय) तर सकाळच्या पहिल्या दोन-तीन गिऱ्हाइकांतच डब्बा मुका राहतो आणि तुम्हाला शंका येते, नाहीतर महिनाभर दुसऱ्याचीच कमाई करून देत बसाल.

भाषेचा किस्सा. बसवून देणाऱ्या मुलानं न विचारता हिंदी लावून दिली, नागपूर आहे, इकडे अर्धा बाजार हिंदीतच चालतो, बाबांनाही काही वाटलं नाही. पण दोन दिवसांत घोळ सुरू झाला. हिंदीत ७९ म्हणजे उन्यासी आणि ८९ म्हणजे नवासी, पंखा चालू, कूलर चालू, बाहेर ऑटोचे हॉर्न, आणि बाबांचा एक कान तसाही कमी, दहा रुपयांचा फरक रोजचा. मी मराठी लावली. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद, आता चुकायचा प्रश्नच नाही, एक ऐंशीवर संपतो एक नव्वदवर. बाबा खूश. पण मग दुसरीच पंचाईत, समोरची पोरं! कॉलेजचा एक मुलगा मॅगी अन् कुरकुरे घेऊन उभा, डब्बा म्हणाला "एकोणऐंशी रुपये मिळाले", तो घाबरून फोनकडे पाहायला लागला, म्हणे "काका, सेव्हन्टी नाइन कापायचे होते ना, जास्त गेले का?" त्याचे बरोबर ७९ च झाले होते आणि गेले पण तेवढेच, त्याला एकोणऐंशी म्हणजे किती तेच माहीत नव्हतं. आता बाबांना नवा छंद लागलाय, लहान पोट्टे आले की विचारतात, "बोलका काय म्हणाला? सांग, तं चॉकलेट." मराठीत शंभरपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द, बिचाऱ्या रेकॉर्डिंगवालीला एकेक करून बोलावं लागलं असणार. जोडकाम मात्र ऐकू येतं, "तीनशे" एका सुरात, "चाळीस" दुसऱ्या सुरात, रेल्वे स्टेशनवर गाडीची घोषणा होते ना अगदी तसं.

चॉकलेटवरून आठवलं, चिल्लर. सुट्टे नाहीत म्हणून दोन रुपयांच्या बदल्यात टॉफी हातावर ठेवायची हा आमच्या धंद्याचा एक छोटासा, हवा तितका प्रामाणिक नसलेला भाग होता, कबूल करतो. काउंटरवर तीन बरण्या असायच्या फक्त त्यासाठी. आता लोक ४७ म्हणजे ४७ च टाकतात, सत्तेचाळीस, डब्बा बोलून मोकळा. एकच बरणी राहिली आणि तीही आकडे ओळखणाऱ्या पोट्ट्यांच्या बक्षिसासाठी. पलीकडच्या पानठेल्यावर तर दहाचा खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून करतात तो) पण डब्ब्यावर, घोटता घोटता त्याचे हात थांबत नाहीत, मान पण वर करत नाही.

हेच खरं म्हणजे मला सगळ्यात आवडलेलं. बाबांचे हात थांबत नाहीत. पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता कान तिकडे, आवाज आला की "झालं, या" म्हणतात. "दाखवा" हा शब्द दुकानातून गेला. संशय घ्यायचं काम आता त्या डब्ब्याचं आहे, बाबांचं नाही, आणि डब्ब्याचा कोणाला राग येत नाही. मास्तर परवा स्वतःच पैसे टाकून उभे राहिले, डब्बा बोलेपर्यंत, आणि मग म्हणाले, "पास झालो का?" बाबा इतके हसले की तोंडातली सुपारी ठसक्यात गेली.

आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत.

पहिला डब्बा ज्या कंपनीचा होता तिचं नाव घेत नाही, नाव घेऊन काय होते, सगळ्यांची थोडी थोडी तीच बोंब आहे. मुलगा आला, म्हणाला "काकाजी एकदम फ्री." बाबांच्या फोनवर चार-पाच वेळा ओटीपी मागितला, कुठं कुठं टिक केलं ते त्यालाच माहीत. पुढच्या महिन्यात ११८ रुपये गायब. १०० भाडं आणि १८ जीएसटी. मुलाला फोन केला तर त्यानं नोकरीच सोडलेली. बरं, ११८ रुपयांना विरोध नाही हो, सांगून घ्या ना! मग मी वैतागून डब्बा परत करायचं ठरवलं तर परत न्यायलाच कोणी येईना. तक्रार नोंदवा, नंबर मिळतो, ४८ तासांत संपर्क होईल, होत नाही, परत तक्रार. डब्बा बंद करून कपाटावर ठेवला होता, शेवच्या पाकिटांच्या मागे, तरी पाच महिने भाडं कटत राहिलं, ५९० रुपये. शेवटी बँकेत जाऊन ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापायची मंजुरी, बंद केला तेव्हा थांबलं. तर लक्षात ठेवा, डब्बा घेताना ऑटोपेच्या मंजुरीचा स्क्रीन स्वतः वाचा, पोरगा कितीही घाईत असला तरी, आणि बंद करायचा असेल तर आधी ऑटोपे बंद करा मग तक्रारीच्या नादी लागा.

आता हे भाडं का आहे ते पण सांगतो, कारण लोक विचारतात की यूपीआय तर फुकट आहे. आहेच, २०२० च्या जानेवारीपासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराकडून कमिशन घ्यायचं नाही असा नियम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात व्यवहारांची संख्याच २००० कोटींच्या वर गेली देशात, आणि त्या ढिगावर या कंपन्यांना आमच्यासारख्यांकडून थेट काही मिळत नाही. मग कमाई कुठून? डब्ब्याच्या भाड्यातून, आणि दुसरं म्हणजे कर्ज. क्यूआरचा कागद फुकट चिकटवून जातात, डब्बा भाड्यानं देतात, आणि सहा महिने तुमची आवक पाहून झाली की फोन सुरू होतात, "सर तुमचं दोन लाखांचं लोन मंजूर झालंय, फक्त ओके म्हणा." बाबांना आठवड्यातून तीन फोन. हप्ता महिन्याचा नाही, रोजचा, गल्ल्यातूनच कापणार. आमच्या ओळीतल्या एका कपड्याच्या दुकानवाल्यानं घेतलं, दिवाळीत काही वाटलं नाही, पितृपक्षात मात्र गिऱ्हाईक नाही आणि हप्ता तेवढाच, बिचारा दुपारी डब्ब्याकडे पाहत बसायचा. मी म्हणत नाही की घेऊ नका, इतवारीत माल एकदम उचलायचा असेल, भाव पडलेला असेल, तर कामात येऊ शकतं. पण व्याज रोजच्या हप्त्यात लपतं, वर्षाचं कागदावर मांडून पाहा. बाबांनी मांडलं, वहीच्या मागच्या पानावर, आणि फोन उचलणं बंद केलं.

जीएसटीची भीती हा अजून एक भाग. २०२५ च्या जुलैमध्ये बंगलोरला छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून नोटिसा आल्या, तिकडे लोकांनी क्यूआर काढून "फक्त कॅश" अशा पाट्या लावल्या. दोन दिवसांत ते व्हॉट्सॲपवरून महालात पोचलं, तेही तिखटमीठ लावून. आमचे शेजारी तर डब्बा टॉवेलखाली झाकून ठेवायला लागले, जसं काही टॉवेलमुळे बँकेला दिसणार नाही! मालाच्या धंद्याला ४० लाखांच्या वर उलाढाल गेली तर नोंदणी लागते, आणि त्यात कॅश पण धरतात, डब्ब्याचा त्यात दोष काय. आमची उलाढाल त्याच्या पुष्कळ खाली, तरी मी सीएला विचारून घेतलं, तुम्हीही विचारा, व्हॉट्सॲपला विचारू नका.

नेटवर्क. रोजच्या दिवशी ठीक, दोन-तीन सेकंदांत बोलतो. पण मारबतीच्या दिवशी पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात माणसावर माणूस, काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे अशा मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, सगळ्यांच्या हातात फोन, सगळे व्हिडिओ काढून राहिले, टॉवरचा जीव जातो. पाण्याच्या बाटल्या धडाधड विकल्या जाऊन राहिल्या आणि डब्बा मुका. बाबांनी सरळ वहीत रेघा मारल्या, माणूस मोजला तशी रेघ. मिरवणूक पुढे सरकली, गर्दी पातळ झाली, आणि डब्ब्याला अचानक वाचा फुटली, वीस वीस वीस चाळीस वीस साठ, एका दमात, दहा मिनिटं थांबेना. बाबा रेघा टिक करत बसले. तीन रेघा उरल्या. ६० रुपये गेले, मिरवणुकीतल्या आरोळीसारखं, घेऊन जा गे मारबत.

आणि २०२५ चा १२ एप्रिल आठवतो का? शनिवार, हनुमान जयंती, आणि दुपारी देशभर यूपीआयच बसलं. तो डब्ब्याचा दोष नाही, पण त्या दिवशी आपण कुठवर आलोय ते कळलं. महाप्रसादाची गडबड, कोणाला बुंदीसाठी साखर पाहिजे, कोणाला नारळ, कोणाला कापूर, आणि चांगल्या घरची, गाडीतून उतरलेली माणसं, खिशात एक नोट नाही. एक ताई नारळ हातात धरून पाच वेळा स्कॅन करत होत्या, शेवटी बाबा म्हणाले, "घेऊन जा माय, मारुतीले काऊन थांबवतं." त्या दिवशी किती दिवसांनी उधारीची लाल वही पूर्ण उघडली, बाबा तिच्यात नावं लिहिताना मला तर जरा आनंदातच दिसले. सोमवारपर्यंत दोन सोडून सगळ्यांचे आले.

उन्हाचं पण लिहितो, कारण हे डब्बे बनवणाऱ्यांनी नागपूरचा मे पाहिलेला नसावा. नवतप्यात दुपारी काउंटरवर ऊन येतं, डब्बा इतका तापला की चार्जिंगच घेईना, मग बंद पडला. आता दुपारी १२ ते ४ त्याला कूलरच्या बाजूला, वाळ्याच्या ताटीजवळ बसवतो, म्हणजे घरच्या म्हाताऱ्यासारखी सेवा. बॅटरी आमची सुरुवातीला दोन-तीन दिवस जायची, आता दिवसभर जेमतेम.

आणि आवाज. कमी ठेवला तर बाबांना ऐकू येत नाही, जास्त ठेवला तर अख्ख्या ओळीला आमचा धंदा कळतो. पानठेलेवाला संध्याकाळी येऊन सांगतो, "आज तुमचं दुपारी थंडच होतं ना काकाजी." त्याला काय कारण! पण आईचं वेगळंच, घर वरच्या माळ्यावर आहे, तिला डब्बा ऐकू येतो, आणि अर्धा तास आवाज नाही आला तर ती चहा घेऊन खाली येते, की धंदा नाही म्हणून हे डोक्यात काही घेऊन बसले असतील.

बँकेचा जो दुसरा डब्बा आहे तो दिसायला साधा, आवाज जरा चिरका, पण भाडं आधी सांगितलं, कागदावर दिलं, आणि बिघडला तेव्हा शाखेत नेऊन काउंटरवर ठेवला, समोर माणूस होता ज्याला मी चेहऱ्यानं ओळखतो, चार दिवसांत बदलून मिळाला. फक्त एक, रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून लोक पैसे देतात आता, तेव्हा डब्बा पूर्ण रक्कम बोलतो, पण २००० च्या वरच्या अशा पेमेंटवर दुकानदाराचं कमिशन कटतं ते बोलत नाही, खात्यात कमी येतात. एकदा दिवाळीच्या किराण्याला झालं तेव्हा बाबांनी मलाच धरलं होतं, "तुह्या बोलक्यानं खोटं सांगितलं."

रेटिंग द्यायचं तर डब्ब्याला पाचपैकी चार, पहिल्या कंपनीच्या सर्व्हिसला पाचपैकी अर्धा, तोही बसवायला वेळेवर आले म्हणून. घ्यायचाच असेल तर आपल्या बँकेत आधी विचारा, मराठी लावा, चार्जर दुकानात नवा वेगळा ठेवा कारण सोबत आलेल्या चार्जरवर पहिल्या आठवड्यातच कोणी ना कोणी "काकाजी पाच मिनिटं मोबाइल लावतो" म्हणून डोळा ठेवतं, आमचा तसाच गेला. आणि डब्ब्याखाली काहीतरी मऊ ठेवा, नाहीतर काचेच्या काउंटरवर आवाज थरथरतो, आम्ही लाल वही ठेवलीये.